माथेरानचं केशर

कर्जतच्या मामलेदार कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा माझ्या गप्पा ऐकायला लोक आपले अर्ज बगलेत मारून ताटकळत बसत. उल्हास नदीच्या पुरात मी म्हशीच्या पाठीवर बसून नेरळपर्यंत गेलो आणि वाटेत त्या म्हशीनं दोनदा मागे वळून माझी विचारपूस केली, ही हकिकत मी इतक्यांदा सांगितली की पुढे पुढे मला ती म्हैस बाजारात ओळखू येऊ लागली. खरं म्हणाल तर पूर आला होता, म्हैस होती, आणि मी काठावर छत्री धरून उभा होतो. एवढं भांडवल मला पुरायचं.

आता एका फुलाची हकिकत लिहितो. हिच्यात थापा आहेत, पण त्या सगळ्या त्या त्या वेळी मारलेल्या आहेत. लिहिताना नवी घातलेली नाही. घातलीच असली तर एखादी.

ती मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माथेरानच्या बंगल्यांच्या आवारांची मोजणी करायला आम्हाला वर पाठवलं होतं. वैशाख संपत आला होता. एका पारशी मालकाच्या बंगल्यात मालक मंडळी मुंबईला परतलेली, आणि मागे एकटा म्हातारा माळी, खालच्या वाडीतला ठाकर. साखळी धरणारे गडी झाडाखाली आडवे झाले आणि मी बागेत हिंडू लागलो. तिथे भिंतीच्या कडेनं तलवारीसारखी उभी, अरुंद पाती माजली होती. पात्यांतून तारेसारखे बारीक दांडे निघालेले, आणि प्रत्येक दांडा शेंड्याकडे वेडावाकडा मोडत गेलेला, त्या प्रत्येक मोडीवर एक एक फूल. रंग शेंदरी, आत घशाशी पिवळा. असं फूल मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तर सगळं जग पाहिलंय असं कचेरीत सांगून ठेवलेलं.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"नाव ठावं नाय, रावसाब. बाईसाबांनी इलायतेस्नं आनलं. पर येक गंमत दावतो."

त्यानं खोपीतून सुकलेली चार फुलं आणली, पितळेच्या वाटीत टाकली आणि वरून कढत पाणी ओतलं. पाणी पिवळं झालं. मी वास घेतला.

"केशर," मी म्हणालो.

"आमी केशर कुठं बगितलंय? तुमी म्हनता तर आसंल."

अशा रीतीनं केशर न पाहिलेल्या एका ठाकरानं आणि केशर दोनदा हुंगलेल्या एका कारकुनानं मिळून त्या फुलाची ओळख पक्की केली. माळ्यानं मूठभर गड्डे उकरून दिले. मी ते रुमालात बांधले, आणि नेरळला उतरेपर्यंत त्या गड्ड्यांचे पूर्वज काश्मीरच्या एका राजाच्या बागेत नांदू लागले होते.

आमचं घर नदीच्या अंगाला होतं. विहिरीच्या पन्हळाखाली जिथे सदा ओल असे, तिथे मी ते गड्डे लावले. पहिलं वर्ष नुसती पाती आली. दुसऱ्या पावसाळ्यात फुललं. मी फुलं सुकवली, बायकोच्या शिवणातल्या कात्रीनं त्यांचे तंतूंसारखे तुकडे कातरले आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत धुऊनपुसून भरून ठेवले. दसऱ्याला साहेबांच्या घरी श्रीखंडासाठी चिमूटभर दिलं. श्रीखंडाला काय रंग आला म्हणून साहेबांनी भर कचेरीत वाखाणणी केली. पुडीत मी कणभर हळदही घातली होती, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

घरात माझ्या थापांचा निभाव लागत नसे. माझी बायको खालापूरकडची, बोलायला अशी की समोरचा आधी हसायचा आणि घरी गेल्यावर त्याला लागायचं.

"अहो, केशर म्हणे फुलाच्या पोटातल्या दोन-तीन तंतूंचं होतं. तुम्ही तर सबंध फूल कातरताय."

"ते काश्मिरात. माथेरानच्या केशराचं सगळं फूल चालतं."

"आणि कर्जतच्या केशराचं?"

"कर्जतच्याचंही फूलच."

"मला वाटलं कर्जतच्या केशराची नुसती गोष्ट पुरते."

घरात तिसरं माणूस आक्का, माझी थोरली बहीण. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आली ती तांबडं आलवण नेसून कायमची. आईवडील गेल्यावर घर तिनंच चालवलं. स्वतःसाठी एकवेळचा भात आणि आमटी. सणाचं गोडधोड ती रांधायची, वाढायची, आणि आपण मात्र ताक-भात घेऊन कोपऱ्यात बसायची. मी हे रोज बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. नणंद-भावजयीचं मात्र गूळपीठ. माझ्यावर हसायला दोघींना एकमेकी लागत.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बायकोला दिवस गेले. मी आनंदानं इतका फुगलो की कचेरीचा दरवाजा मला आडवं होऊन ओलांडावा लागे. सहावा महिना लागला तसं मी जाहीर केलं की आता रोज दिवेलागणीला केशरी दूध, आणि तेही माझ्या हातचं. पुरुषमाणूस चुलीपाशी बसलेला बघायला शेजारच्या बायका कुंपणाशी यायच्या. मी दूध आटवायचो, डबीतली दोन चिमूट टाकायचो, पेला माजघरात नेऊन द्यायचो आणि ओटीवर गप्पांना येऊन बसायचो. थोड्या वेळानं पेला रिकामा होऊन मोरीत यायचा. कोण प्यालं ते बघायला मी तिथे थांबलो नाही. मला ओटीवर श्रोते होते.

डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरली, तेव्हा गजऱ्यात, बाजूबंदात तीच शेंदरी फुलं हवीत असा हट्ट मी धरला. बायकांनी विचारलं, हे कसलं ग बाई फूल? ती म्हणाली, "ह्यांना विचारा. केशर म्हणतात. मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही." आणि माझ्याकडे अशी बघून हसली की सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती त्या दिवशी फार वाळलेली दिसत होती. मला वाटलं, पोर आईचं सगळं घेतंय, गुटगुटीत होणार. मी आक्काला तसं म्हणालोही. आक्का काही बोलली नाही.

भाद्रपदात गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला महिना-दीड महिना होता. सुईण आली, मग दुसरी आली. मुलगा झाला, तो रडला नाही. तिचं अंगावरून जाणं थांबेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. यापलीकडे मी याबद्दल कधी कोणाला सांगितलं नाही आणि इथेही सांगत नाही. माझ्यासारख्याला जिथे एक शब्द जास्त घालावासा वाटला नाही अशी माझ्या आयुष्यात ही एकच जागा.

खालापूरचे वैद्यबुवा, तिच्या माहेरचे जुने, बैलगाडीनं निघाले होते ते सगळं झाल्यावर पोचले. ओटीवर बसले. मग म्हणाले, "पोटात काय काय जात होतं?"

दाराशी उभी असलेली आक्का आत गेली. मी डबी आणून दिली. "केशर."

त्यांनी चिमूट तळव्यावर घेतली, पाण्याचं बोट लावून चोळली, हुंगली. "हे केशर नव्हे."

"मग काय?"

"ते तुम्ही सांगायचं. वास केशराचा आहे, पाकळी केशराची नाही. फूल कसं असतं?"

मी वर्णन केलं. माथेरानच्या बंगल्यातलं, विलायतेहून आलेलं कंदाचं रोप, फूल शेंदरी-पिवळं, पावसात येणारं. त्यांनी चिमूट परत डबीत टाकली. मग सावकाश म्हणाले, "अहो कारकून, शेंदरी-पिवळी, पावसात येणारी, कंदाची आपल्याकडे कळलावी. कळा आणते म्हणून कळलावी. हिचं विलायती बागेतलं एखादं भावंड असलं तर मला ठाऊक नाही. कळलावीच्या कुळातलं असेल तर कळा वेळेआधी यायला ते पुरे. रोप दाखवा."

रोप दाखवायला मी परसात गेलो. गेलो, आणि पाहिलं ते फुललेलं होतं. मग काय झालं मला नीट आठवत नाही. शेजारी सांगतात की मी दोन्ही हातांनी ती सगळी पाती उपटली, गड्डे, माती, मुळं सगळं धोतरात घेतलं आणि नदीत फेकून आलो. वैद्यबुवांना दाखवायला एक पाकळीसुद्धा उरली नाही. ते तसेच परत गेले.

सुतक फिटलं आणि मी माथेरानला निघालो. पावसाळ्यात ती छोटी गाडी बंद असते, घोडेवाले खाली आपापल्या गावी असतात. नेरळहून रुळांच्या कडेनं भिजत चढलो. वाटेत प्रत्येक वळणावर कळलावी फुललेली. आमच्या भागात पावसात ती नसलेलं कुंपण दाखवा. एका ठिकाणी तिच्यासमोर दगडावर बसलो आणि पाकळ्या उलट्या वळलेलं ते फूल बघत राहिलो. आमच्या फुलासारखं होतं का? नव्हतं. पण मग होतंसं वाटे. मीच एकदा वास घेऊन केशर ओळखलं होतं. माझ्या डोळ्यांवर मी काय म्हणून विश्वास ठेवायचा?

माळी खोपीत विस्तवाशी बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं इरलं पांघरलं, कुदळ घेतली आणि आधी कुंपणातली कळलावी उकरली.

"ह्यो बगा हिचा कांदा. नांगरावानी, दोन फाकांचा. हाय का?"

मग भिंतीच्या कडेचं ते रोप अलगद वर काढलं, पागोळ्यांखाली धुतलं. गड्डे एकावर एक बसलेले, माळेत मणी ओवावेत तसे.

"खालचा सुकल्याला मागल्या सालचा, त्याच्या डोसक्यावर औंदाचा. दर साली येक नवा वर चढतोय. कळलावी ह्ये करत नाय. कळलावी येल हाय, पानाच्या टोकाला आकडा. हिला आकडा कुठं हाय? ह्यी येगळी जात, रावसाब."

"मग विषारी नाही?"

तो विचार करून बोलला. "रानडुकरं उकरून खातात. मरत नायती. पर डुकराला पोटुशी हाय का म्हून कोन इचारतंय." मग कुदळ भिंतीला टेकवून म्हणाला, "बाईसाब दिवाळीला येत्यात. त्येंच्यापाशी चित्तरांचं बुक हाय. तोवर कायबाय मनात आनू नका."

दिवाळीपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले हे कचेरीतल्यांना विचारावं, कारण मी गप्प होतो आणि ते त्यांना भुताटकीसारखं वाटत होतं. कोणी मुद्दाम म्हशीची गोष्ट काढी. मी म्हणे, मी काठावर उभा होतो. लोक घाबरून उठून जात. घरी आक्का आणि मी एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत वावरत होतो. तीही माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मला वाटलं, तिनं मनातल्या मनात निवाडा केलाय, मी मारलं म्हणून.

पारशी बाई दिवाळीच्या सुट्टीत आल्या. वय झालेलं, नाकावर चष्मा, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर. माळ्यानं माझी ओळख दिली. पावसाळ्यातली फुलं केव्हाच सरली होती, पण त्यानं एक सुकलेला दांडा आणि गड्ड्यांची माळ जपून ठेवली होती. बाईंनी ती हातात घेतली मात्र, हसल्या.

"अरे, हा तर माझा मॉन्टब्रेशिया."

आतून एक जाडं पुस्तक आलं, विलायतेच्या बियाणेवाल्याचं, रंगीत चित्रांचं. त्यांनी पान काढलं. तेच फूल, तोच वाकडा दांडा. चित्रावर बोट फिरवत त्या इंग्रजी वाचून मला आपल्या मराठीत सांगू लागल्या. "आफ्रिकामंदी दोन फूल होते. एक मोठा, नाजूक. एक बारका, पन चिवट. फ्रान्समंदी एक माळीनं एकाची रज दुसऱ्याला लावली. त्याच्यातून हा झाला. हा माणसानं बनवला, देवानं नाय. म्हणून ह्याची बी भरवशाची नाय, गड्डा लावायचा."

"कुळ कोणतं?" मी विचारलं. 

त्यांनी खाली बारीक अक्षरांत पाहिलं. "आयरिसच्या खानदानमंदला. ग्लॅडिओलस बी त्यातला. आणि तुझा केशर पण."

म्हणजे मी सगळंच खोटं बोललो नव्हतो. केशराचं लांबचं भावंड होतं. तेवढ्यानं त्या व्हरांड्यात मला रडू येईल असं वाटलं.

"आणि कळलावी?"

"ती वेगळा खानदान. तिच्याशी ह्याचा काय संबंध नाय."

"हे पोटात गेलं तर?"

"काय होणार? हा फुलदाणीचा फूल. विष नाय, औषध पन नाय. कोणी खाल्ला?"

"गाय," मी म्हणालो.

"मग तुझी गाय सुखी आहे, घरी जा."

मी त्यांच्या परवानगीनं ते सबंध पान उतरवून घेतलं. मला इंग्रजी फारसं येत नसे, पण नक्कल करणं हा माझा पेशा. एकेक अक्षर चित्रासारखं काढलं, स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. डोंगर उतरताना तो कागद मी टोपीत ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापाशी एक गोष्ट अशी होती की जी छापलेली होती आणि खरी होती. आक्काला सांगायचं: विष नव्हतं. मी तिला मारलं नाही.

आक्का मागच्या पडवीत वालाचं बिरडं सोलत बसली होती. मी समोर बसलो, कागद काढला, घडी उलगडली.

"बाईंनी ओळखलं," मी म्हणालो. "नाव आहे, कुळ आहे, सगळं आहे."

"कागद राहू दे. आधी माझं ऐक." तिचे हात थांबले नाहीत. "ते दूध ती पीत नव्हती."

मला कळलं नाही.

"तिला दुधाचा वासच सहन होईना. पोटात ठरायचं नाही. तुला सांगू म्हटलं तर म्हणाली, नको वन्सं, इतक्या हौसेनं करतात, तोंड एवढंसं होईल. पहिल्या दिवशी म्हणाली, टाकायचं कशाला, तुम्ही घ्या. मी नको म्हटलं. मला कसलं दूध. ती म्हणाली, कोण बघतंय, आणि पेला माझ्या तोंडाला लावला." आक्कानं एक दाणा सोलून टोपलीऐवजी सालांत टाकला. "पंचवीस वर्षं झाली रे मला कोणी असलं काही दिल्याला. दुसऱ्या दिवशी मी दिवेलागणीची वाट बघत होते."

"आक्का."

"बोलू दे. ती वाळत चाललेली मला दिसत होती. तू म्हणालास पोर घेतंय, तेव्हाही मी गप्प बसले. तिनं नको म्हटलं तरी मी तिला पाजायला हवं होतं, थोडं थोडं करून, दटावून. पण मग मला मिळालं नसतं. तिच्या तोंडचं, पोराच्या तोंडचं दूध मी प्याले. रोज. वैद्यबुवांनी विचारलं तेव्हा मी आत निघून गेले. तू दोन महिने स्वतःला जाळतोयस आणि मी बघतेय. आता वाच तुझा कागद. त्यात विष नाही असंच निघालं असेल, तर ते दूध चांगलंच होतं. तेवढं मला कळू दे."

कागद माझ्या हातात होता. त्यात काय होतं ते तिनं आधीच ओळखलं होतं. मी काय आणलं होतं? मला सोडवणारा प्रत्येक शब्द तिला बांधणारा होता. चांगलं सकस गाईचं दूध, आणि त्यात एक निरुपद्रवी फूल. आक्काला इंग्रजी येत नव्हतं. मराठीही अक्षर लावून लावून.

मी वाचलं.

"लिहिलंय की हे फूल इतरांना काही करत नाही. फक्त पोटुशी बाईला वाईट. कळा वेळेआधी आणतं."

तिचे हात थांबले. "पण ती तर प्याली नाही."

"डोक्यात माळलं होतं. घरात सुकवलेलं होतं, वास होता. वासानंही होतं असं इथे दिलंय, ही ओळ. मात्र सावकाश." मी बोट ठेवलं. जिथे ठेवलं तिथे, मला वाटतं, दोन आफ्रिकी फुलांपैकी एकाचं नाव होतं. "पोटात गेलं असतं तर आषाढातच संपलं असतं. दोन महिने मिळाले ते तू पेला घेतलास म्हणून."

"असं लिहिलंय?"

"हो."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. थाप मारणं सोपं असतं, तीच थाप शब्द न बदलता दुसऱ्यांदा मारणं कठीण. म्हशीच्या गोष्टीत मला ते कधी साधलं नव्हतं. त्या दिवशी साधलं.

आक्का बराच वेळ माझ्याकडे बघत होती. माझी बहीण मला लहानपणापासून ओळखत होती, हे विसरून चालणार नाही. तिनं विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते मला आजही सांगता येत नाही. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली, बायको गेल्यानंतर पहिल्यांदा. रडता रडता म्हणाली, "म्हणजे मग तू रे?"

"हो," मी म्हणालो. "मी आणलं ते फूल."

त्यानंतर आक्का चौदा वर्षं जगली. त्या गोष्टीचा तिनं पुन्हा उल्लेख केला नाही. मला मात्र ती जपू लागली, जसं घरात एखादं अपराधी आणि आजारी माणूस जपावं. शेजारच्या सुना पोटुशा असल्या की तिनं त्यांना सांगावं, बाई, विलायती फुलं घरात आणू नका. मी ऐकत असे. कागद मी वाढत्या वयाबरोबर कुठेतरी घालवला. दुसरं लग्न केलं नाही. लोकांना कारण विचारायचं सुचलं की मी त्यांना म्हशीवर बसवून नेरळला पोचवत असे.

नदीत मी सगळे गड्डे फेकले असं म्हणालो, पण ते खरं नाही. असल्या झाडाचे सगळे गड्डे कोणालाच निघत नाहीत. दर आषाढात पन्हळाखाली दोन-चार हिरवी पाती वर येत, आणि मी उठायच्या आत आक्का ती उपटून आलेली असे. मोरीवर राखेनं हात घासत असे, एकदा, दोनदा, तीनदा. मी दिसलो की म्हणे, "तू तिकडे बघू नकोस."

मी बघत नसे.